तसबिरीमागचा माणूस

आंजी (मोठी) येथील आमच्या घराच्या माळ्यावर लक्ष्मीची एक जुनी तसबीर आहे. कमळावर उभी देवी, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. पण खालची बारीक इंग्रजी अक्षरे अजून लागतात : रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. घरात इंग्रजी वाचणारी मीच पहिली, म्हणून ती अक्षरेही मीच पहिल्यांदा वाचली. चित्रकार कोण हे सर्वांना ठाऊक असते. छापणाऱ्याचा शोध घेताना मला फ्रिट्झ श्लायशर हे जर्मन गृहस्थ भेटले.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. त्यांत श्लायशर होते. शिळाछापाचे काम मोठे चिकाटीचे. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्या साध्या नियमावर ते चालते. दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्रालाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद दरवेळी केसभरही न सरकता बसला पाहिजे.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलविण्यात आला. कर्ज मात्र वाढतच गेले. नव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत रविवर्म्यांनी तो श्लायशर यांनाच विकला, कितीतरी चित्रे छापण्याच्या हक्कांसह. थोर कलावंताला जो धंदा जमला नाही, तो या कारागिराने सावरला. त्यांनी जाहिराती छापल्या, लेबले छापली, इतर चित्रकारांकडून नवी चित्रे करवून घेतली. त्यांतली सगळीच चांगली नव्हती, हेही खरे. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यात काम केले. श्लायशर यांच्यामागेही तो चालू राहिला. १९७२ च्या आगीत जळून गेला.

आता आमच्या तसबिरीविषयी. माझ्या पणजीला देवळात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले केले. पण गावोगावची दारे त्यामुळे लगेच उघडली नाहीत. पणजीने ही तसबीर आर्वीच्या बाजारातून आणली आणि देवीच्या लुगड्यावर टिकल्या चिकटवल्या. पुढे १९५६ मध्ये आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले, तसबीर माळ्यावर गेली.

श्लायशर यांनी हे धर्मासाठी केले नाही, समाजसुधारणेसाठीही नाही. त्यांनी धंदा केला. पण जी देवी पुजारी माझ्या पणजीला दुरूनही पाहू देत नव्हता, तीच त्यांच्या दगडावरून उतरून तिच्या झोपडीत आली. कागदाने तिची जात विचारली नाही. आम्हांला त्या देवीची गरज उरली नाही, ही बाबासाहेबांची पुण्याई. पण पणजीची ओढ खोटी होती, असे मला म्हणवत नाही.

यंदा घराला रंग देताना बाबा तसबीर टाकून द्यायला निघाले होते. मी ती भिंतीवर लावली नाही, टाकूही दिली नाही. वाळवी झटकली आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत जपून ठेवली आहे.