लेकीचा वारसा

वाचकहो, वंशावळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जमीनजुमला आणि मानमरातब उभा राहतो. अ‍ॅन हचिन्सनची वंशावळ मात्र निराळाच वारसा सांगते.

तिची आई ब्रिजेट इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायरच्या ड्रायडन घराण्यातली. ब्रिजेटच्या भावाचा नातू म्हणजेच पुढे नामांकित झालेला कवी जॉन ड्रायडन. वडील फ्रान्सिस मार्बरी धर्मोपदेशक होते. अपुऱ्या शिक्षणाच्या माणसांना धर्मगुरू नेमले जाते, हे त्यांनी १५७८ साली लंडनच्या बिशपला तोंडावर सांगितले आणि तुरुंगवास पत्करला. त्या सवालजबाबांची हकिकतही त्यांनी लिहून ठेवली.

१५९१ साली लिंकनशायरमधील अल्फर्ड गावी अ‍ॅन जन्मली. मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. ती घरीच शिकली. १६३४ साली पती विल्यम व मुलांसह ती अमेरिकेत बॉस्टनला गेली. तेथे ती सुईणीचे काम करी आणि घरी बायकांना जमवून प्रवचनांचा अर्थ उलगडून सांगे. अधिकाऱ्यांना हे खपले नाही. १६३७ साली गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यांच्या न्यायासनापुढे तिने बायबलच्या आधारे उत्तरे दिली. तिला हद्दपार करण्यात आले. १६४३ साली डच वसाहतवाले व मूळ रहिवासी यांच्या युद्धात ती मारली गेली. हद्दपारीचा तो हुकूम मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांनी १९८७ साली रद्द केला.

बंधुभगिनींनो, बिशपपुढे बाप उभा राहिला, गव्हर्नरपुढे लेक! जहेजमधले दागिने एक दिवस मोडीत निघतात. बापाने दिलेले इल्म लेकीला परमुलखातही साथ देते. आपण आपल्या लेकींना काय देणार, याचा विचार आजच करा.