बर्फगाडीचे जनक : बोंबार्दिए



आज मी तुम्हाला कॅनडा देशातल्या एका थोर संशोधकाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव जोसेफ-आर्मां बोंबार्दिए. त्यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ रोजी क्वेबेक प्रांतातल्या वालकूर इथे झाला. तिकडे हिवाळ्यात इतका बर्फ पडतो की रस्ता कुठला नि शेत कुठले, काही कळत नाही.

लहानपणापासून त्यांना यंत्रांचा भारी नाद. १९२२ साली, पंधराव्या वर्षी, त्यांनी फोर्ड मोटारीचे जुने इंजिन घसरगाडीवर बसवले, मागे पंखा लावला आणि भावाला घेऊन गाडी बर्फावर पळवली. वडिलांनी मात्र धोका ओळखून ती मोडायला लावली. १९२६ साली त्यांनी गावात गॅरेज काढले.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा ईव्हों आजारी पडला. आंत्रपुच्छाचा आजार होता. दवाखान्यात न्यायला हवे होते, पण रस्ते बर्फाने बंद. भरवशाची बर्फगाडी अजून तयार नव्हती. बाळ गेले. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

पण ते खचले नाहीत. दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जोडी त्यांनी तयार केली. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले. सात माणसांची गाडी निघाली. मग डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुलंसुद्धा बर्फातून जाऊ लागली. १९४२ साली त्यांनी कंपनी काढली आणि १९५९ साली स्की-डू ही छोटी बर्फगाडी आणली.

आता इंजिनाची गंमत सांगतो. पुढे या गाड्यांना टू-स्ट्रोक इंजिने बसली. आपल्याकडच्या जुन्या लूनासारखेच बरं का! त्यात तेल पेट्रोलबरोबर जळते. आधी ते पेट्रोलमध्ये मिसळत. नंतर तेलाची वेगळी टाकी आणि पंप आला. उन्हाळाभर गाडी उभी राहिली की आतल्या भागांवरचे तेल ओघळते, गंज धरतो. नळी चिरली तर तिच्यात हवा शिरते. मग टाकी भरलेली असूनही तेल पुढे जात नाही आणि पिस्टन तापून जाम होतो.

म्हणून जाणकार मेकॅनिक एकदम इंजिन खोलत नाही. आधी टाकीतले तेल बघतो, मग नळ्या, मग गाळणी. नंतर पंपावरचा छोटा स्क्रू सैल करून तेल वाहू देतो. बुडबुडे थांबले की स्क्रू घट्ट. पंप तेल देतो याची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही ठरल्या प्रमाणात तेल मिसळतो. आणि गाडी ठेवून देण्याआधीच सिलिंडरात थोडे तेल सोडले, तर गंजाची भीती कमी होते. आपण सुगी झाली की विळा पुसून, तेल लावून ठेवतो ना, अगदी तसंच!

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी बोंबार्दिए वारले. वालकूरला त्यांचे संग्रहालय आहे. स्वतःचे बाळ त्यांना वाचवता आले नाही, पण त्यांच्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या बाळांपर्यंत डॉक्टर पोचला. अशा या थोर संशोधकाला माझा नमस्कार!

— इयत्ता सातवी