जमिनीखालचे लंडन

१८५८ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजविलेले पडदे लावावे लागले. थेम्स नदीची दुर्गंधी सभासदांना बसू देईना. दोन वर्षे वादात अडकलेली योजना त्या दुर्गंधीने अठरा दिवसांत मार्गी लावली. १५ जुलैला डिझरायली यांनी विधेयक मांडले, २ ऑगस्टला त्याचा कायदा झाला. ही योजना ज्यांची होती, ते अभियंते जोसेफ बॅझलजेट त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचे होते.

एन्फील्ड येथे १८१९ साली फ्रेंच वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या बॅझलजेट यांची उमेदवारी जमिनीच्या निचऱ्याच्या कामावर झाली. पुढे रेल्वेच्या सट्टेबाजीच्या काळात अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. १८४९ साली ते लंडनच्या गटार आयोगात साहाय्यक म्हणून रुजू झाले. १८५२ मध्ये मुख्य अभियंता फ्रँक फॉर्स्टर यांचे निधन झाले व ती जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८५६ पासून नव्या महानगर बांधकाम मंडळाचेही ते मुख्य अभियंता झाले.

लंडनची जुनी गटारे पावसाच्या पाण्यासाठी होती. घरोघरी पाण्याचे संडास आले, घरांखालचे मैल्याचे हौद बंद करण्याचे धोरण खुद्द आयोगानेच राबविले, आणि सारा मैला थेम्समध्ये गेला. त्याच नदीचे पाणी अनेक पाणी कंपन्या शहराला पाजत होत्या. १८४८-४९ च्या पटकीत शहरात सुमारे चौदा हजार माणसे दगावली, १८५३-५४ मध्ये दहा हजारांहून अधिक. तरीही मैला शहराच्या हद्दीबाहेर किती दूर सोडावा आणि त्या जादा अंतराचा खर्च कोणी सोसावा, यावर सरकार व मंडळ वाद घालीत राहिले.

योजना तत्त्वतः साधी होती. नदीला समांतर मोठी गटारे जमिनीखाली घालावयाची, जुन्या गटारांचे पाणी नदीत पडण्यापूर्वीच अडवावयाचे आणि शहराच्या पूर्वेस खाली नेऊन सोडावयाचे. मैलामागे किमान दोन फुटांचा उतार राखला की पाणी आपोआप वाहते व गाळ साचत नाही. उतार संपेल तेथे वाफेचे पंप: क्रॉसनेस १८६५ मध्ये, ॲबी मिल्स १८६८ मध्ये सुरू झाले. मुख्य गटारांची लांबी ८२ मैल भरली, विटा एकतीस कोटींच्या वर लागल्या.

जमिनीखाली गाडलेली वस्तू पुन्हा उकरणे हा सर्वांत महागडा व्यवहार असतो. बॅझलजेट यांनी पोर्टलँड सिमेंट निवडले. पाण्याखाली ते अधिक घट्ट होते. पण भट्टीत थोडी चूक झाली तरी माल निकामी ठरतो. म्हणून त्यांचे सहकारी जॉन ग्रँट आलेल्या मालाचे नमुने सात दिवस पाण्यात ठेवून ताणून पाहत. पुरवठादारांना ही कडक शिस्त फारशी रुचली नसणार! गटारांचा आकारही त्यांनी त्या वेळच्या गरजेपुरता ठेवला नाही. लंडनची वस्ती तेव्हा अठ्ठावीस लाखांच्या आसपास होती. हिशेब साडेचौतीस लाखांचा धरला गेला. वर्षाचा नफा पाहणाऱ्या खाजगी कंपनीला हे औदार्य परवडले नसते. येथे सरकारच्या हमीवर कर्ज काढले गेले व ते करातून फेडावयाचे होते. पुढच्या पिढीला सोय मिळणार, तर भारातील वाटाही तिने उचलावा, हे न्याय्यच होते.

हाच विचार त्यांनी गॅस व पाण्याच्या नळांनाही लावला. त्या काळी प्रत्येक कंपनी आपल्या नळासाठी तोच रस्ता पुन्हा पुन्हा खणीत असे; बुजविण्याचा खर्च कंपनीचा, हाल मात्र साऱ्या शहराचे. गॅरिक स्ट्रीट व सदर्क स्ट्रीट हे नवे रस्ते बांधताना खाली माणूस चालू शकेल असे भुयार ठेवले गेले व नळ त्यात बसविले. १८७० मध्ये पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या पोटात तर मैल्याचे गटार, नळांचे भुयार आणि आगगाडी हे तिन्ही आहेत.

हे सारे घडले ते एका चुकीच्या समजुतीवर. रोग दुर्गंधीने पसरतात, असेच बहुतेकांना वाटत होते. पाण्याकडे बोट दाखविणारे डॉ. जॉन स्नो त्याच १८५८ साली वारले. १८६६ मध्ये पटकी परत आली तेव्हा तिने थैमान घातले ते मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जेथे नवी व्यवस्था अद्याप पुरी झालेली नव्हती. त्यानंतर लंडनने तशी साथ पाहिली नाही.

उणीव होतीच. मैला शहरातून गेला तरी प्रक्रियेविना नदीतच पडे. १८७८ मध्ये ‘प्रिन्सेस ॲलिस’ हे प्रवासी जहाज नेमके त्या मुखांजवळ बुडाले व सहाशेहून अधिक जीव गेले. पुढे गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेण्यास १८८७ मध्ये प्रारंभ झाला.

१८७५ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८९१ च्या मार्चमध्ये विंबल्डन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची गटारे आजही कामात आहेत. अतिवृष्टीत ती ओसंडून मैला नदीत जाऊ नये म्हणून थेम्सखाली पंचवीस किलोमीटरचा नवा बोगदा खोदला गेला. २०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला, आणि ते वाहून जाणारे पाणी त्यात उतरते ते बॅझलजेट यांच्याच गटारांतून.