अर्जदारांचे पाठीराखे : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या विद्वत्तेचा गौरव आपल्या ज्ञातीत नेहमीच होतो. परंतु ज्या सरकारची चाकरी त्यांनी इमानाने केली, त्याच सरकारचा संशय त्यांनी कसा सोसला, हे तरुण पिढीस फारसे ठाऊक नाही. म्हणून हे अल्प स्मरण.

माधवरावांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला. मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असता त्यांनी एका निबंधात इंग्रजी राज्याच्या तुलनेत मराठ्यांच्या राज्यास झुकते माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. मताचे मोल द्यावे लागते, हा त्यांना मिळालेला पहिला धडा.

1871 साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. आदल्याच वर्षी तेथे सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. माधवराव तिची बुद्धी. हिंदुस्थानास पार्लमेंटात प्रतिनिधी मिळावेत, असा अर्ज सभेने 1875 साली हजारो लोकांच्या सह्यांनिशी विलायतेस धाडला. 1876 ते 1878 च्या दुष्काळात रयतेची हलाखी तिने वारंवार सरकारपुढे मांडली. यात गुप्त असे काहीच नव्हते. जो उघडपणे आपले नाव लिहून गाऱ्हाणे मांडतो, तो राज्यावर विश्वास ठेवूनच मांडतो. पण राज्यकर्त्यांस तेवढेही सहन झाले नाही.

1878 मध्ये माधवरावांची नाशिकला बदली झाली. 1879 साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, आणि मे महिन्यात पुण्याचे बुधवार व विश्रामबाग वाडे आगीत सापडले. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचा चित्पावनांवर आधीच रोष होता. माधवरावांस तातडीने धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची टपाले फोडली जात. बंडवाल्यांच्या नावांची बनावट पत्रेही त्यांना येऊ लागली. ती त्यांनी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली, आणि तक्रारीचा एक शब्द न काढता न्यायदान चालू ठेवले. काही काळाने संशय फिटला. 1893 साली त्याच सरकारने त्यांना उच्च न्यायालयात बसविले. सभेवरचा रोष मात्र राहिलाच. 1897 साली दुष्काळाच्या चळवळीवरून सरकारने तिची मान्यता काढून घेतली.

येथे आपणही अंतर्मुख व्हावयास हवे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहाला गेलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि ज्ञातीने त्यांच्यावर ग्रामण्य उभे केले. त्यांत माधवरावही होते. 1892 साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारक त्यामुळे त्यांच्यावर रुष्ट झाले, तेही त्यांनी सोसले. सरकारने संशयितांवर पाळत ठेवली, आपण चहा घेणाऱ्यांची यादी केली. परक्यांच्या अन्यायाचा धिक्कार करताना आपल्या हातची ही यादी विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

16 जानेवारी 1901 रोजी माधवराव कैलासवासी झाले. ज्ञातिबांधव हो, आपल्या सभेतही मतभेदाचा अर्ज येईल, न रुचणारी सही दिसेल. त्या सहीमागच्या माणसाचे स्थान अबाधित राखणे, हेच त्यांचे खरे श्राद्ध होय.