कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई आणि माझं जर्नल

स्मरणिकेसाठी लेख द्यायचा म्हटल्यावर बहुतेक जणी सहली, स्नेहसंमेलन आणि डब्यांबद्दल लिहिणार, हे मला माहीत आहे. मी मात्र एक कबुली देणार आहे आणि मग एका बाईंबद्दल लिहिणार आहे. त्या आपल्या शाळेच्या नव्हेत, पण त्यांची ओळख मला आपल्या शाळेच्या वाचनालयातच झाली.

आधी कबुली. दहावीला ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. आलेख सरळ रेषेत यायला हवा, हे पुस्तकात दिलेलंच होतं. मी आधी पट्टीने रेषा मारली, मग तिच्यावर बिंदू दिले आणि शेवटी बिंदूंवरून रीडिंग्ज भरली. सर, तुम्ही त्या जर्नलवर चांगला शेरा दिला होता. इंजिनिअरिंगला गेल्यावर तर हेच शास्त्र झालं. सीनियरची जर्नल्स आणायची, काचेखाली ट्यूबलाइट लावून ड्रॉइंग शीट उतरवायची आणि सबमिशन उरकायचं. चार वर्षांत पदवी मिळाली. पण समोर आलेलं उत्तर तपासून पाहायचं असतं, हे काही मी तिथे शिकले नाही. ते मी इरावती कर्व्यांकडून शिकले, तेही फार उशिरा.

बाईंनी वाचायला दिलेलं ‘युगान्त’ तेव्हा अर्धंच वाचलं होतं. चाळिशीत पुन्हा हातात घेतलं आणि मग त्यांचं आयुष्यच शोधत गेले.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. माहेरचं आडनाव करमरकर. वडील तिथे इंजिनिअर होते. सात वर्षांच्या मुलीला त्यांनी शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या, मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी लग्न झालं. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पत्नीनेही तिथे जावं असं त्यांना वाटत होतं. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना मात्र ते पसंत नव्हतं. शेवटी जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या. वय तेवीस.

कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था तेव्हा नवीनच निघाली होती. प्रमुख होते ऑइगेन फिशर. वंशांमध्ये श्रेष्ठ-कनिष्ठ असतात असं मानणारे ते मोठे नाव होते. पुढे नाझी राजवटीत ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टरही झाले. इरावतीबाईंना त्यांनी जो विषय दिला त्याचं उत्तर जणू आधीच ठरलेलं होतं. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. गोऱ्या युरोपियनांत हा फरक वेगळा दिसतो आणि तो त्यांच्या वरचढ बुद्धीचा पुरावा आहे, अशी कल्पना होती. ती मोजमापांनी सिद्ध करायची होती. म्हणजे सरांनी रेषा मारून दिली होती, विद्यार्थिनीने फक्त बिंदू द्यायचे होते.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, काही जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. आपल्या माणसांपासून लांब आणून कपाटात ठेवलेली ती डोकी हातात घेताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मोजमापं हाती आली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध काही दिसेना. असमानता सगळ्यांतच होती.

आता आपण इंजिनिअर लोक या जागी काय करतो ते आठवा. दोनचार रीडिंग्ज चुकली असतील म्हणून वगळतो. इरावतीबाईंपाशी वगळायला कारणं भरपूर होती. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज, पदवी गाइडच्या हातात. शिवाय तो गाइड म्हणजे त्या विषयातला युरोपातला मोठा अधिकारी. तरीही त्यांनी प्रबंधात जे मोजलं होतं तेच लिहिलं. संबंध आढळत नाही, एवढंच. आरडाओरडा नाही, सरांवर टीका नाही. कोष्टकं आणि त्यांतून निघतो तेवढाच निष्कर्ष. १९३० साली डॉक्टरेट मिळाली. गुण मात्र फिशरनी हात राखूनच दिले.

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी मुंबईत महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचं काम केलं आणि १९३९ पासून निवृत्त होईपर्यंत त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव हिंडून माणसं मोजणं त्यांनी सोडलं नाही. बर्लिनमध्ये शिकलेलं सगळंच त्यांनी टाकून दिलं असं नाही, आणि आज त्यांच्या त्या मोजमापांवरही प्रश्न विचारले जातात. मला ते योग्यच वाटतं. त्यांनीही आपल्या गुरूंना सोडलं नव्हतं. एकाच जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, असं घुर्ये मांडत. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या कुंभारांचा अभ्यास करून दाखवलं की वेगवेगळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली आलेलेही असू शकतात.

‘युगान्त’मध्येही हीच शिस्त आहे. विदुर हा धर्मराजाचा पिता असावा का, या प्रश्नाकडे त्या वकिलासारख्या नव्हे, अभ्यासकासारख्या बघतात. बाजूचे पुरावे मांडतात, विरुद्धचेही मांडतात आणि ग्रंथात काय आहे व आपला तर्क कुठे सुरू होतो हे वाचकाला कळू देतात. या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७० च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

हे वाचत होते त्याच सुमारास माझ्या कामात एक प्रसंग आला. आमच्या सॉफ्टवेअरच्या वेगाचे जे आकडे ग्राहकाला दाखवायचे होते, ते चाचणीत येत नव्हते. सहा-सात रीडिंग्ज काढली की आलेख झकास दिसत होता. मी ती काढून पाहिलीही. मग रात्री झोप येईना. सकाळी सगळी रीडिंग्ज परत घातली आणि रिपोर्ट पाठवला. काम दोन महिने लांबलं, वरिष्ठांकडून ऐकूनही घ्यावं लागलं. पण वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी माझं पहिलं खरं जर्नल लिहिलं.

तेव्हा सर, एक विनंती. मेळाव्याच्या दिवशी प्रयोगशाळा उघडी ठेवता आली तर बघा. अॅमीटर जुनाच असला तरी चालेल, सुई अडकत असली तरी चालेल. मला तो प्रयोग पुन्हा करायचा आहे. या वेळी बिंदू आधी देईन. रेषा कशी येते ते मग आपण सगळे मिळून बघू.