विमानाचे इंजिन, रस्त्यावरची मोटार
काउंट लुई झ्बोरोव्स्की आठ वर्षांचे असताना, १९०३ मध्ये, वडील फ्रान्समधील ला टर्बीच्या मोटारशर्यतीत मरण पावले. १९११ मध्ये मातृछत्रही हरपले आणि सोळाव्या वर्षी अफाट संपत्ती हाती आली. शर्यतीची ओढ मात्र ओसरली नाही. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिने मोडीत निघाली होती. झ्बोरोव्स्की यांनी मर्सिडीजच्या सांगाड्यावर मायबाखचे २३ लिटरचे विमान-इंजिन चढविले. या ‘चिटी बँग बँग’ने १९२१ मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्स गाजविले. १८.८ लिटरच्या बेंझ इंजिनाची दुसरी ‘चिटी’ त्यांनी १९२२ मध्ये थेट सहारापर्यंत नेली. १९ ऑक्टोबर १९२४ रोजी इटलीत मोंझा येथे मोटार झाडावर आदळून, वडिलांप्रमाणेच शर्यतीत, त्यांचा अंत झाला. वय अवघे २९. मोटारीचे नाव मात्र इयान फ्लेमिंग यांच्या १९६४ च्या बालकथेमुळे घरोघरी पोहोचले.