विश्लेषण : डब्यातली पांढरी पूड नेमकी कशाची? न चाखता ओळखायला शिकवणारे रॉबर्ट बॉइल

फडताळ आवरताना चिठ्ठी निघून गेलेला डबा हाती लागतो. आत पांढरी पूड. मीठ, पिठीसाखर, खाण्याचा सोडा, तुरटी की सायट्रिक ॲसिड? अशा वेळी बहुतेकांचे बोट आधी पुडीत आणि मग जिभेवर जाते. हीच सवय धोक्याची आहे. अनोळखी पदार्थाला साध्या चाचण्यांनी बोलते करण्याची पद्धत साडेतीनशे वर्षांपूर्वी नीट मांडणाऱ्यांत रॉबर्ट बॉइल यांचे नाव अग्रक्रमाने येते. शाळेच्या पुस्तकात ते वायूच्या नियमापुरतेच भेटतात. त्यांचे हे दुसरे काम मात्र आपल्या स्वयंपाकघराच्या जास्त जवळचे आहे.

रॉबर्ट बॉइल कोण होते?

बॉइल यांचा जन्म 25 जानेवारी 1627 रोजी आयर्लंडमधील लिस्मोर येथील किल्ल्यात झाला. वडील कॉर्कचे अर्ल आणि गडगंज श्रीमंत. मुले 15, त्यांत रॉबर्ट 14वे. आई लहानपणीच गेली. आठव्या वर्षी त्यांना इंग्लंडमधील ईटनच्या शाळेत धाडण्यात आले. पुढे काही वर्षे ते युरोपात शिकले आणि 1644 मध्ये इंग्लंडला परतले. तेव्हा तिथे यादवी युद्ध पेटले होते. पैशांची ददात नव्हती, लग्न त्यांनी कधीच केले नाही. वेळ आणि मिळकतीचा मोठा भाग प्रयोगांवर खर्च झाला. ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट हुक यांच्या मदतीने त्यांनी हवेचा पंप बनवला. वायूचा दाब आणि आकारमान यांचा प्रसिद्ध नियम 1662 मध्ये प्रसिद्ध झाला.

चुकीच्या औषधाचा प्रसंग काय होता?

ईटनमध्ये असताना बॉइल आजारी पडले. औषध विक्रेत्याकडून अदलाबदल झाली आणि दुसऱ्याच कुणासाठी असलेले जालीम औषध त्यांच्या पोटात गेले. उलट्यांनी जीव मेटाकुटीला आला. नंतर बराच काळ त्यांना रोगापेक्षा वैद्यांचीच धास्ती वाटे. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यावरूनच ते रसायनांकडे वळले असे म्हणता येणार नाही. पण बाटलीत काय आहे हे ठाऊक नसणे किती महागात पडते, याचा अनुभव त्यांनी शाळकरी वयातच घेतला होता.

फुलांच्या पाकाची चाचणी काय होती?

त्या काळी औषधाच्या दुकानात व्हायोलेट फुलांचा निळसर पाक मिळे. हेच फूल आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बनफशा म्हणून विकले जाते. बॉइल यांनी 1664 मध्ये रंगांवरील प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या पाकाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून केलेली चाचणी आहे. थेंबावर आम्ल पडले की तो लाल होतो. आम्लारी पडली की हिरवा होतो.

आम्लाने फुलांचे रंग बदलतात, हे त्याआधीही काही जणांना माहीत होते. बॉइल यांनी त्या गमतीचा नियम केला. एकामागून एक पदार्थ तपासून त्यांनी लाल करणारे एका गटात आणि हिरवे करणारे दुसऱ्या गटात घातले. जे काहीच बदलत नाहीत त्यांचा तिसरा, उदासीन गट झाला. प्रत्येक पदार्थ आम्ल आणि आम्लारी यांचाच बनलेला असतो, असे तेव्हा अनेक जण मानत. या मताला बॉइल यांनी 1675 मध्ये जाहीर विरोध केला.

मग हळद का पुरत नाही?

हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू बनते, तेही याच कारणाने. पण लिंबू पिळले तरी हळद पिवळीच राहते. म्हणजे तिला आम्लारी ओळखता येते, आम्ल आणि उदासीन पदार्थ यांतला फरक नाही. व्हायोलेटचा पाक दोन्हीकडे वेगळा रंग दाखवतो, म्हणून तो अधिक कामाचा.

पाणी आणि नाणी त्यांनी कशी तपासली?

झऱ्यांच्या पाण्यावर बॉइल यांनी 1685 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. पाण्यात लोह आहे का हे पाहण्यासाठी ते मायफळ वापरत. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात तेच हे मायफळ. लोह असेल तर पाणी काळपट होते. बोअरच्या लोहयुक्त पाण्यात चहा काळा पडतो, त्यामागेही हीच क्रिया आहे. पाण्यातले मीठ शोधायला ते विरघळवलेली चांदी वापरत. मीठ असेल तर पाणी दुधासारखे गढूळ होते. खोटी सोन्याची नाणी पकडण्यासाठी पाण्यात तरंगणारे वजनाचे उपकरणही त्यांनी 1675 मध्ये मांडले.

त्यांच्या मर्यादा काय होत्या?

बॉइल किमया मानत. हलक्या धातूचे सोने होऊ शकते, असा त्यांचा विश्वास होता. त्या काळच्या रसायनज्ञांप्रमाणे तेही पदार्थ चाखून पाहत, हे अनुकरणीय नाही. पण फसलेले प्रयोगही त्यांनी लिहून ठेवले, आणि दुसऱ्याला तोच प्रयोग करता यावा म्हणून कृती तपशीलवार दिल्या. 1670 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. डोळेही अधू होते, त्यामुळे लेखनिकांना सांगून ते लिहवून घेत. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद 1680 मध्ये देऊ केले असता, शपथ घेणे मनाला पटत नसल्याने त्यांनी ते नाकारले. लंडनमध्ये 1668 पासून ते थोरली बहीण कॅथरीन यांच्या घरी राहत. डिसेंबर 1691 मध्ये ती गेली आणि साधारण आठवडाभरात बॉइलही गेले.

आज घरात काय करता येईल?

गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात टाकली की बॉइल यांच्या पाकासारखेच निळे पाणी मिळते. चमचाभर पाण्यात चिमूटभर पूड घालून पाहा. पूड बोटाने नव्हे, कोरड्या चमच्याने घ्या.

- सायट्रिक ॲसिड असेल तर रंग जांभळा-गुलाबी होतो.
- सोडा असेल तर रंग हिरवटपणाकडे झुकतो. दुसऱ्या चिमटीवर व्हिनेगर टाकल्यास ती फसफसते.
- कॉर्नफ्लोअरवर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकल्यास तो निळा-काळा होतो.
- मीठ आणि साखर गोकर्णाचा रंग बदलत नाहीत.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. रंग बदलला नाही म्हणजे पदार्थ खाण्याजोगा आहे, असे नाही. चाचणी गट सांगते, सुरक्षिततेची हमी देत नाही. न्हाणीघरातल्या साफसफाईच्या बाटल्यांवर तर असे प्रयोग करूच नयेत. ब्लीचमध्ये आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू निघतो. ओळख पटली तरी अशी पूड स्वयंपाकात वापरू नका. आणि नवा डबा भरताना आधी चिठ्ठी चिकटवा.